नव्वदचा जेट, पंच्याण्णवचा जेट

हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्ब्युरेटरचा हा जेट. तळहातावर ठेवला तर शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान. पितळेचा, षटकोनी डोक्याचा, मधोमध आरपार भोक. दाभणाचं टोक जेमतेम शिरेल एवढं. बाजूला कोरलेला '९०' हा आकडा वाचायला मला आप्पांचं भिंग मागून घ्यावं लागलं. साडेतीनशे सीसीचं ओतीव लोखंडी इंजिन पूर्ण जोरात पळतं तेव्हा त्याचं जवळजवळ सगळं पेट्रोल या एवढ्याशा भोकातून जातं, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आणि हीच बुलेट मी कॉलेजात असल्यापासून चालवतोय.

आप्पांनी ती १९९७ साली घेतली. जुनी स्टँडर्ड ३५०: गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या, टाकीच्या पुढे अँपिअर मीटर. कोल्हापुरातून गावाकडच्या मळ्यात जायला आप्पांनी तीच वापरली आणि अजूनही आठवड्यातून दोनदा वापरतात. तिचं सगळं काम उद्यमनगरातले एकच मिस्त्री बघायचे. त्यांचे हात थरथरायला लागल्यावर त्यांनी गॅरेज बंद केलं. त्यानंतर आम्ही दोन-तीन ठिकाणी गाडी दाखवली. एका गॅरेजवाल्यानं कार्ब्युरेटर 'साफ' करून दिला आणि जाताना एका स्क्रूचं डोकं खाऊन ठेवलं. ते मला फार उशिरा कळलं.

गेल्या उन्हाळ्यापासून गाडीचं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी चोक ओढूनही पाच-सहा किक लागायच्या. पन्नास-साठच्या वेगाला रेस एका जागी धरली तरी गाडी मागं-पुढं ओढल्यासारखी चालायची. उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमधून फाट-फाट आवाज यायचा. सिग्नलला थांबल्यावर इंजिनाची गती लगेच खाली न येता थोडा वेळ वरच रेंगाळायची. आणि आप्पांची तक्रार एकच: "गाडी लई तापालीय. मांडीला झळ लागतीया." मी प्लग काढून बघितला तर त्याचं चिनीमातीचं टोक खडूसारखं पांढरं.

मिस्त्रींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेट्रोल कुठलं मिळतंय आता?"

या प्रश्नानं मला कामाला लावलं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपल्याकडं इथेनॉल मिसळायला सुरुवात २००३ साली झाली, तेव्हा प्रमाण होतं पाच टक्के. २०२२ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत पोचलो आणि २०२५ मध्ये वीस. आमचा ऊस कारखान्याला जातो, मळीपासून आणि रसापासून तिथल्या डिस्टिलरीत इथेनॉल होतं, टँकर भरून जातो. मला त्याचं वाईट वाटत नाही, उसाचे पैसे वेळेवर मिळण्यात त्या टँकरचाही वाटा आहे. पण १९९७ सालच्या कार्ब्युरेटरला हे कुणी सांगितलेलं नाही.

हिशेब असा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला नऊच किलो पुरते, कारण त्याच्या वजनात तिसऱ्या हिश्शाहून जास्त ऑक्सिजन आधीच असतो. वीस टक्के मिश्रणाला मग साधारण साडेतेरा किलो हवा लागते. नव्या गाडीत इंधन इंजेक्टरनं सोडतात. सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल थोडं वाढवतो. दुचाकींमधले कार्ब्युरेटर बहुतांशी २०२० च्या बीएस-सहा या प्रदूषणाच्या नियमांनंतर गेले. आमच्या गाडीत मात्र भोक ठरलेलं आहे. त्यातून तेवढंच इंधन येणार आणि हवा पूर्वीइतकीच येणार. म्हणजे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ झालं, मिस्त्रींच्या भाषेत 'लीन' झालं. लीन मिश्रण सावकाश जळतं, इंजिन तापवतं, प्लग पांढरा करतं. माझ्या गाडीची सगळी लक्षणं यात बसत होती. फार चोख बसत होती आणि तिथंच मी फसलो, पण ते पुढं.

मिस्त्री म्हणाले, "मेन जेट दोन नंबर वर घे, पायलट एक नंबर वर घे. आणि दुसऱ्याकडं देऊ नकोस. तुझं तू कर, मी फोनवर आहे."

मेन जेट पूर्ण जोरासाठी, पायलट जेट हळू चालीसाठी; नंबर मोठा म्हणजे पेट्रोल जास्त. उद्यमनगरच्या मागच्या गल्लीतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मी नव्वदच्या वरचे साडेब्याण्णव, पंच्याण्णव आणि शंभर असे तीन मेन जेट घेतले. गाडीतला पायलट पंचवीसचा असणार असं मिस्त्री म्हणाले होते, म्हणून तीसचा एक घेतला. शिवाय फ्लोट बाउलचं (कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीचं) पॅकिंग, त्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची निडल आणि तिची सीट, सांध्यात बसणाऱ्या दोन रबरी ओ-रिंगा, नवा पेट्रोल पाइप आणि दोन प्लग. सगळं मिळून हजाराच्या आत बसलं. जेट घेताना दुकानदारानं एक चांगली गोष्ट सांगितली. कार्ब्युरेटर ज्या कंपनीचा, जेटही त्याच जातीचा घ्यायचा. एका कंपनीचा नव्वद आणि दुसरीचा नव्वद सारखा नसतो, कारण कुणी भोकाचा व्यास मोजून आकडा टाकतं तर कुणी त्यातून वाहणारं इंधन मोजून.

दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार धरला. काम मागच्या अंगणात, घरात नाही. तुळशीपुढचा दिवा आईला त्या दिवशी देवघरात लावायला सांगितला आणि पेट्रोल काढायला स्टीलचा जुना डबा घेतला. एका परातीत पांढरं फडकं अंथरलं, म्हणजे पडलेला बारीक भाग दिसतो. ही परात नसती तर माझं काम पहिल्याच तासात थांबलं असतं.

पेट्रोलचा कॉक बंद केला, पाइप काढला. तो इतका कडक झाला होता की वाकवल्यावर चिरा दिसल्या. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही हे ऐकलं होतं, आता बघितलं. एअर फिल्टरकडच्या रबराची क्लिप सैल केली. कार्ब्युरेटरचं वरचं झाकण हातानंच फिरलं आणि केबलला लटकलेली, रेस देताच वर उचलली जाणारी स्लाइड, तिच्या पोटातल्या लांब निडलसकट, अलगद वर आली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हँडलला बांधून ठेवली. मग इंजिनाच्या बाजूचे दोन नट. बाहेरचा लगेच निघाला. आतल्याला पाना लावायला जागाच नाही, एका वेळी पाव फेराही नाही, त्यातच वीस मिनिटं गेली.

कार्ब्युरेटर हातात आला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा जड वाटला. फ्लोट बाउलचे चार स्क्रू. तीन निघाले, चौथा तो डोकं खाल्लेला. मी जोर लावत होतो आणि स्क्रू ड्रायव्हर गरगर फिरत होता. आप्पा तोवर खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले होते. म्हणाले, "जोर नको लावूस. बसीव आधी." त्यांनी स्क्रूच्या डोक्यावर ड्रायव्हर उभा धरला, हातोडीचे दोन बेताचे टोले दिले, खाचा थोड्या बसल्या, आणि मग सगळं वजन खाली दाबून पाव फेरा. स्क्रू 'टक्' करून सुटला. नंतर मी चारही स्क्रू बदलून अ‍ॅलन बोल्ट लावले.

बाउलच्या तळाशी पांढरट पिठासारखा थर होता, कडेला हिरवट डाग. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आमची गाडी पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस उभी असते. ते पीठ बोटावर घेतलं आणि जेटच्या भोकाकडे बघितलं. अशा पिठाचा एक कण भोकात बसला तर नंबर कुठलाही असो, त्याला अर्थ राहत नाही.

आत मधोमध मेन जेट. त्याच्या शेजारच्या खोल विहिरीत पायलट जेट. पायलट काढताना ड्रायव्हरचं पातं खाचेच्या मापाचंच हवं. पितळ मऊ असतं, रुंद पातं विहिरीच्या भिंतीला घासतं आणि अरुंद पातं खाच फाडतं. मी एक जुना ड्रायव्हर कानशीनं घासून मापाचा केला. सगळ्यांत जास्त वेळ त्यातच गेला, पण जेट पहिल्या फटक्यात निघाला. मेन ९०, पायलट २५. दोन्ही उजेडाकडे धरून बघितले, भोकं स्वच्छ गोल होती. साफ करायला तार घालायची नाही हे मिस्त्रींनी तीनदा बजावलं होतं, तारेनं भोक कणभर मोठं झालं तरी तो जेट वाया. कार्ब क्लीनरचा फवारा आणि सायकलच्या पंपाची हवा एवढंच वापरलं. फवारताना डोळ्यांवर चष्मा घातला, कारण एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्याच भोकातून थेट तोंडावर येतो.

इथं कार्ब्युरेटरची वाटणी सांगायला हवी, कारण ती समजल्यावरच मला पुढचं सगळं उलगडलं. रेस अजिबात न देता किंवा अगदी थोडी देऊन गाडी चालते तेव्हा इंधन पायलट जेटमधून येतं आणि त्याची हवा बाहेरचा एअर स्क्रू ठरवतो. पाव ते पाऊण रेसच्या मधे राज्य त्या लांब निडलचं. ती स्लाइडबरोबर वर उचलली जाते, खाली निमुळती होत गेलेली असल्यानं जितकी वर तितकी वाट मोकळी. पाऊण रेसच्या पुढं मात्र निडल बाजूला झाल्यासारखीच, तिथं अडवणारा एकटा मेन जेट. म्हणजे तक्रार कोणत्या रेसला आहे ते कळलं तर कुठं हात घालायचा ते कळतं. मला हे आधी कळलं असतं तर मी तीनही गोष्टी एकदम बदलल्या नसत्या.

मी नेमकं तेच केलं. मेन जेट थेट शंभरचा टाकला, पायलट तीसचा टाकला आणि निडलची क्लिप वरून तिसऱ्या खाचेत होती ती चौथ्या खाचेत सरकवली. क्लिप खाली सरकली की निडल वर राहते आणि मिश्रण घट्ट होतं. ती क्लिप नखाएवढी. पक्कडीनं दाबताना उडाली आणि परातीच्या कडेला आपटून फडक्यावर पडली. आईची परात पुढच्या वेळीही मागणार आहे.

फ्लोटची निडल आणि सीट नवी बसवली. कार्ब्युरेटर उलटा धरला तेव्हा फ्लोटचे हात बाउलच्या पॅकिंगच्या पृष्ठभागाला समांतर यायला हवेत, ते थोडे वर होते. मधली पितळी जीभ अगदी केसभर वाकवली आणि ते जागेवर आले. परत जोडून कॉक सुरू केला तर ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब थेंब पेट्रोल. कॉक बंद, बाउल पुन्हा खाली. नव्या सीटखालचं पातळ वायसर मी जुन्याला चिकटलेलंच ठेवून दिलं होतं. ते घातलं, थेंब थांबले.

आता गाडी सुरू करायची. आप्पा स्वतः उठले. या बुलेटला ताकदीनं किक मारायची नसते. सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसरचा लिव्हर दाबायचा, किक हळूहळू खाली आणत अँपिअर मीटरच्या काट्याकडे बघायचं. काटा मधोमध आला की ठिणगीचा पॉइंट उघडला, पिस्टन जागेवर आला. मग लिव्हर सोडून एक सरळ, पूर्ण किक. दुसऱ्या किकला गाडी बोलली. पांढऱ्या प्लगपासून सुटका झाली असं मला वाटलं आणि मी आईला चहा ठेवायला सांगितलं.

रविवारी पहाटे साडेपाचला हेल्मेट घालून बाहेर पडलो. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याचा रस्ता. गळीत हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अजून रस्त्यावर आले नव्हते. घरून निघताना रेसच्या मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा करून घेतल्या होत्या: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. हाताला वाटणारी अर्धी रेस आणि खरी अर्धी रेस यात फार फरक असतो. मी ज्याला इतकी वर्षं अर्धी म्हणत होतो ती पावाच्या जरा पुढं होती.

केर्लीपर्यंत गाडी बरी चालली. पुढच्या सरळ पट्ट्यात पूर्ण रेस दिली आणि ती घोगरी झाली. घशात कफ अडकल्यासारखा आवाज, वेग वाढेना. रेस जराशी कमी केली की मोकळी व्हायची. म्हणजे शंभरचा जेट जास्त झाला होता. हे समजण्यासारखं होतं. पण वाघबीळचा चढ चढून परत उतरताना रेस सोडली तर सायलेन्सरमधून तोच जुना फाट-फाट आवाज. हे मात्र समजेना. एकीकडं पेट्रोल जास्त आणि दुसरीकडं कमी?

घरी येऊन एअर स्क्रू लावायला बसलो. आमच्या कार्ब्युरेटरला तो हवेच्या बाजूला आहे, आत फिरवला की हवा कमी होऊन मिश्रण घट्ट होतं, बाहेर फिरवला की पातळ. पूर्ण आत हलक्या हातानं बसवायचा, मग बाहेर काढत जायचं आणि इंजिन जिथं सर्वांत चांगलं, एकसारखं चालेल तिथं थांबायचं. ती जागा साधारण एक ते दोन-अडीच फेऱ्यांच्या मधे यावी. माझी जागा अर्ध्या फेऱ्यावर आली. पायलट एक नंबरनं वाढवूनही त्याला अजून पेट्रोल हवं होतं! मी पस्तीसचा पायलट आणायला निघालोच होतो.

निघण्याआधी मिस्त्रींना फोन लावला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या हेडच्या मधला काळा ठोकळा बघितलास का? त्यातली ओ-रिंग?"

मी दोन ओ-रिंगा आणल्या होत्या. त्या डब्यातच होत्या. जुनी चांगली दिसली म्हणून तीच ठेवली होती.

त्यांनी तपासायची रीत सांगितली. गाडी थंड असताना सुरू करायची आणि ती तापायच्या आत, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्यानं त्या सांध्यावर थोडं पाणी मारायचं. सांधा घट्ट असेल तर इंजिनाला काही कळणार नाही. तासभर थांबून, इंजिन पूर्ण निवल्यावर मी तसं केलं. पहिल्याच फवाऱ्याला इंजिन अडखळलं, पाणी सुकलं तसं परत वर आलं. पुन्हा मारलं, पुन्हा अडखळलं. जेटला वळसा घालून त्या फटीतून हवा थेट आत जात होती. गाडी निवांत चालताना मुळात हवा थोडीच लागते, म्हणून तिथं ही चोरटी हवा फार मोठी ठरते. पूर्ण रेसला इतकी हवा आत येत असते की तेवढ्या फटीचा हिशेबच लागत नाही. एकाच गाडीत दोन उलट दुखणी का होती ते मला त्या पाण्याच्या फवाऱ्यानं दाखवलं.

कार्ब्युरेटर पुन्हा खाली. आतला नट या वेळी दहा मिनिटांत निघाला. ओ-रिंग काढली तर ती एका बाजूनं चपटी आणि टणक, बोटांत धरून वाकवली तर तुटली. काळा ठोकळाही सपाट नव्हता. दोन नट जास्त आवळल्यानं त्याचे कान वाकले होते. काचेवर बारीक सँड पेपर ठेवून त्यावर तो आठाच्या आकड्यात घासत राहिलो, संपूर्ण पृष्ठभाग एकसारखा मळकट होईपर्यंत. आप्पांनी पट्टी आडवी लावून उजेडात बघितलं आणि मान डोलावली. नवी ओ-रिंग घातली आणि नट आलटून-पालटून, बेतानं आवळले.

यानंतर मी शिस्त बदलली. एका वेळी एकच बदल, बदल झाला की वहीत नोंद, मग फेरी.

पहिल्यांदा एअर स्क्रू. फट बंद झाल्यावर तीसच्या पायलटवर चांगली जागा पावणेतीन फेऱ्यांवर गेली. म्हणजे आता पेट्रोल जास्त. जुना पंचवीसचा पायलट परत टाकला आणि स्क्रू सव्वा फेऱ्यावर येऊन बसला. त्या पायलटचा काहीच दोष नव्हता. इथेनॉलमुळं जो फरक पडायचा तो एअर स्क्रूच्या अर्ध्या-पाव फेऱ्यात सामावत होता. सकाळची किक दोनवर आली, उतारावरचा फाट-फाट आवाज गेला.

मग मेन जेट. शंभरचा काढून पुन्हा नव्वदचा टाकला, कारण जुन्या जेटवर, फट नसताना गाडी खरंच कशी चालते ते मला बघायचं होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सगळ्या कामात माझा सर्वांत शहाणा निर्णय हाच होता असं मला वाटतं. नव्वदवर पूर्ण रेसला गाडी पळाली, पण कोरडी पळाली. त्याच वेगात डाव्या हातानं चोकची दांडी क्षणभर उचलली तर गाडीनं पुढं ढकलल्यासारखा जोर दिला. चोक म्हणजे जादा पेट्रोल, आणि जादा पेट्रोलनं सुधारली म्हणजे ती उपाशी होती. साडेब्याण्णववर तेच, थोडं कमी. पंच्याण्णववर चोक उचलला तर जोर वाढला नाही, उलट किंचित भारी झाली. तिथंच थांबलो. माझ्या कागदावरचा सात-आठ टक्क्यांचा हिशेब नव्वदवरून शहाण्णव-सत्त्याण्णवकडं बोट दाखवत होता, गाडीनं पंच्याण्णव मागितला. मी गाडीचं ऐकलं.

प्लग बघायची रीतही सांगतो. नवा प्लग लावून, रस्ता मोकळा असताना चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेसनं थोडं अंतर जायचं, मग रेस तशीच असताना क्लच दाबून लगेच इंजिन बंद करायचं आणि कडेला घेऊन थांबायचं. गाडी तशीच चालवत घरी आणली तर प्लगवर घरापर्यंतच्या निवांत चालीचा रंग चढतो. हे करताना मागून कुणी येत नाही ना ते आरशात बघणं अत्यंत गरजेचं. मी आधी थांबायची जागा ठरवून ठेवायचो. गरम प्लग काढायला जाड हातमोजा हवा. आप्पांना पूर्वीचा तांबूस तपकिरी रंग आठवत होता. तो पूर्ण रंग आता दिसत नाही. शिशाचं पेट्रोल २००० सालीच बंद झालं आणि आताचं इंधन फार स्वच्छ जळतं. टोकाकडं फिकट बदामी, आणि आत चिनीमातीच्या बुडाशी पातळ करडं कडं, एवढं मिळालं. खडूसारखा पांढरा गेला, काजळीही नाही.

शेवटी निडल. क्लिप चौथ्या खाचेतच होती. पन्नास-साठला रेस एका जागी धरून वडणग्यापासून केर्लीपर्यंत गेलो, मागं-पुढं ओढणं नाही. खात्री करायला क्लिप तिसऱ्या खाचेत परत नेली. ओढणं थोडं परत आलं. पुन्हा चौथी. ही क्लिपची अदलाबदल मी आता न पाडता दहा मिनिटांत करतो.

पूर्ण काम तीन शनिवार-रविवारांत झालं. गाडीचा जोर वाढला का, असं ऑफिसात दोघा-तिघांनी विचारलं. इंधन कमी पडून गेलेला तेवढा परत आला, त्याहून वाढला नाही. जेट मोठा केला म्हणजे ताकद वाढते ही समजूत चुकीची आहे, हवेला लागेल तेवढंच इंधन उपयोगी, बाकीचं काजळी होऊन जातं. अॅव्हरेजही वाढलं नाही, आधी चौतीसच्या आसपास होतं ते आता तेहतीस आहे. जे मिळालं ते वेगळं आहे: गाडी एका वेगाला शांत धरून राहते, आणि मळ्यातून आल्यावर आप्पा झळीबद्दल बोलत नाहीत. एक सवय नवी लावली. आठ-दहा दिवस गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून, बाउलमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवायचं. तळाशी ते पांढरं पीठ पुन्हा जमू द्यायचं नाही.

काढलेले जेट मी औषधाच्या छोट्या डबीत ठेवलेत, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधून. डबी गाडीच्या टूल बॉक्समध्ये असते. तिथंच आप्पांची जुनी वही आहे, १९९७ पासूनची. ऑइल, चेन, टॅपेट, क्लच प्लेट, प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर त्यांच्या वळणदार अक्षरात. शेवटची नोंद मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं त्या वर्षाची. तिच्याखाली मी लिहिलं: मेन ९५, पायलट २५, निडल क्लिप वरून चौथी, एअर स्क्रू सव्वा फेरा, हेडकडची ओ-रिंग नवी.

आप्पांनी वही हातात घेतली, भिंग लावून वाचली आणि परत दिली. "किलोमीटर राहिलं की लिवायचं," म्हणाले. मी उठून गाडीपाशी गेलो, मीटर बघितला आणि आकडा लिहिला.